पन्नास रुपयांचा गुन्हा

बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा केंद्रीय कायदा आहे, त्याचं कलम ११ कोणीही काढून वाचावं. कुत्रा कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेला असेल आणि मालक त्याला पुरेसं हिंडू-फिरू देत नसेल, तर ती क्रूरता ठरते. आखूड किंवा जड साखळीनं तासन्‌तास बांधणं हीही क्रूरता. सबळ कारण नसताना पाळलेलं जनावर सोडून देणं हीसुद्धा.

या कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा आग्रह होता. भरतनाट्यमच्या थोर नृत्यांगना म्हणून आपण त्यांना ओळखतो. राज्यसभेत त्यांनी खासगी विधेयक आणलं, सरकारनं पुढं स्वतःचा कायदा केला, आणि १९६२मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं तेव्हा पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. साखळीला बांधलेल्या कुत्र्याचा दिवस कसा जातो, याचा विचार संसदेनं साठ वर्षांपूर्वी केला होता. आपल्या घरांत तो अजून पोचलेला नाही.

आणि दंड किती? पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात दोन वडापावही जेमतेम येतात. हा आकडा वाढायलाच हवा. पण दंड पाच हजारांवर नेला तरी चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत कोण डोकावणार? तिथं शिपाई पोचत नाही. तिथं फक्त घरातली माणसं असतात, म्हणून हे लिहिणं त्यांच्यासाठी.

पुणे, ठाणे, नाशिक, कुठल्याही शहरात सोसायटीच्या आवारात उभं राहून वर बघा. एखाद्या गॅलरीच्या गजांतून नाक बाहेर आलेलं दिसेल. सकाळी घरातली माणसं पांगतात ती दिवेलागणीला परततात. तोवर हा प्राणी वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून असतो. दुपारी ऊन आत येतं, भांड्यातलं पाणी तापतं, कधी भांडंच कलंडतं. संध्याकाळी सगळे दमलेले, मग पट्टा वॉचमनच्या हातात दिला जातो. गेटबाहेरचा एक खांब, पाच मिनिटं, आणि परत वर.

मग हाच कुत्रा भुंकतो. पंजे चाटून चाटून लाल करतो. स्वतःच्या शेपटीमागं गरगर फिरतो, उशा फाडतो, चपला कुरतडतो. घरचे म्हणतात, “फार मस्तीखोर आहे.” शेजारी म्हणतात, “फार त्रास देतो.” खालून तक्रार येते, वर त्याला फटका बसतो. त्या कुत्र्यात काही वाईट नाही. दिवसभर एकटं राहून त्याचा जीव उबगलेला असतो आणि तो तसं सांगत असतो. मारून त्याचं सांगणं तेवढं थांबतं.

त्याला घरात आणलं कुणी? मुलाच्या वाढदिवसाला आणलं, दहावीच्या निकालाला आणलं, २०२०च्या टाळेबंदीत घरात बसून करमेना म्हणून आणलं. महिनाभर सगळं घर त्याच्याभोवती. वर्षभरात पिल्लू वाढतं, ओढ घ्यायला लागतं, केस गळतात, डॉक्टरांची बिलं येतात, टाळेबंदी उठते, मुलगा क्लासला जायला लागतो. आणि एके दिवशी कानावर येतं, “शेतावर सोडलाय, तिथं मजेत आहे.” ज्याला गादीवर झोपायची सवय आपणच लावली, जो माणसाच्या हातून खायला शिकला, तो लॅब्रॅडॉर अनोळखी कुत्र्यांच्या टोळीत मजेत कसा असेल? जुन्नरच्या पट्ट्यात बिबटे रात्री अंगणातून कुत्री उचलून नेतात, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. शेतावर सोडलेल्या शहरी कुत्र्याची पुढं कुणी चौकशी करत नाही, म्हणून तो मजेत असतो.

आता फिरवण्याविषयी. रोज सकाळी रस्त्यावर जे दिसतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींना मी फिरवणं म्हणणार नाही. स्कूटरला साखळी बांधून कुत्र्याला मागं पळवणारी माणसं मी पाहिली आहेत. स्कूटरवरचा फोनवर बोलत असतो, कुत्रा जीभ बाहेर काढून धावत असतो, आणि तो थांबला तर फरफटतो. अशा माणसाच्या घरी कुत्रा असू नये, इतकं माझं मत साफ आहे. दुसरा प्रकार दिसायला सभ्य आहे. मालक झपाझप चालतो, कारण त्याला स्वतःचा व्यायाम उरकायचा असतो. कुत्रा गवताशी थांबला की हिसका. कुंपणाच्या कोपऱ्याशी थांबला की हिसका. अर्ध्या तासात त्या कुत्र्याला एकदाही नाक टेकू दिलेलं नसतं.

आणि नाकासाठीच तर त्याला बाहेर यायचं असतं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साठेक लाख. कुत्र्याच्या नाकात, जातीप्रमाणे, तीस कोटींपर्यंत. त्याच्या नाकपुडीला बाजूनं चीर असते. सोडलेला श्वास त्या चिरेतून कडेनं मागं जातो, त्यामुळं समोरचा वास विस्कटत नाही आणि पुढच्या श्वासाला तो पुन्हा जसाच्या तसा घेता येतो. शिवाय टाळूच्या वर वेगळं एक इंद्रिय आहे, ते दुसऱ्या कुत्र्यांनी ठेवलेल्या खुणा ओळखतं. इथून कोण गेलं, नर की मादी, ती माजावर आहे का, खूण जुनी की ताजी, हे सगळं त्या गवताच्या पुंजक्यात असतं. आपल्याला तिथं गवत दिसतं. त्याच्या चोवीस तासांतला सगळ्यात भरलेला क्षण तो असतो, आणि आपण त्याला ‘चल, चल’ म्हणून ओढतो.

थांबा तिथं. फोन खिशात ठेवा. रस्ता रोज एकच नको, आठवड्यातून दोनदा तरी वेगळ्या गल्लीनं जा. नाकानं पोटभर काम केलेला कुत्रा घरी येऊन पाणी पितो आणि शांत झोपतो. उशा फाडायची त्याला गरज राहत नाही. ओढ घेणारा असेल तर गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा पट्टा घ्या, नरड्यावर ताण येत नाही.

आणि कागद किंवा पिशवी बरोबर न्या. त्यानं केलेली घाण आपण उचलायची, यात चर्चेला जागा नाही. दुसऱ्याच्या दारासमोर ती तशीच टाकून जाणाऱ्या मालकांमुळं सोसायट्यांत ठराव होतात आणि लिफ्टपाशी कुत्र्यांना बंदी असल्याच्या पाट्या लागतात. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळानं २०१५मध्ये सांगितलेलं आहे. तो हक्क सांगताना आपल्या हातात कागद दिसला पाहिजे.

वेळ कुठली? आपल्याकडे हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही नावापुरता. धापा टाकणं हीच त्याची अंग थंड करायची रीत. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा मुळातच जास्त. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उन्हातलं डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं आणि तो त्यावर अनवाणी चालतो. बाहेर पडताना तळहाताची उलटी बाजू रस्त्याला पाचसात सेकंद लावून बघा. तुमचा हात टिकत नसेल तर त्याचे पंजे भाजणार. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत एक फेरी आणि रात्री जेवणानंतर दुसरी, एवढंच. बंद गाडीत ‘दोनच मिनिटं’ ठेवून दुकानात शिरू नका, काच इंचभर खाली असली तरी नाही. धापा थांबेनात, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले, की उष्माघात समजा. सावलीत घ्या, साध्या पाण्यानं अंग भिजवा, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरांकडे पळा.

इथंच जातीचा मुद्दा येतो. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागं मागं जाणारा पग दिसला आणि घराघरांत पग आले. चपटं नाक गोड दिसतं. त्या नाकातून त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि श्वास हाच तर त्याचा थंड व्हायचा मार्ग. तो झोपेत घोरतो ते ऐकून आपण हसतो. तो धडपडत असतो. हस्कीचं त्याहून वाईट. सैबेरियातल्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला, दुहेरी केसांचा प्राणी आपण कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेत आणतो, का, तर डोळे निळे आहेत म्हणून. मग दिवसभर एसी लावतो आणि विजेच्या बिलाची तक्रार करतो.

आपल्या मातीतली कुत्री आहेतच की. मराठवाड्यात लातूरच्या बाजूचा कारवान आहे, खाली कर्नाटकात मुधोळ आहे. भारतीय टपाल खात्यानं २००५मध्ये देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यांत मुधोळला मानाची जागा मिळाली. पण ही शिकारीची, लांब टांगांची, वाऱ्यासारखी पळणारी जनावरं. देशी म्हणून त्यांना वनबीएचकेत आणणं हाही अन्यायच. ज्याच्याकडे शेत आहे आणि रोज मोकळं पळू द्यायची तयारी आहे, त्यानं ती पाळावीत. बाकीच्यांना माझा सल्ला सरळ आहे: गल्लीतलं पिल्लू घ्या. या हवेला, या उन्हाला शेकडो पिढ्या सरावलेलं रक्त आहे ते. त्याला पैसे पडत नाहीत. त्यात लाज वाटून घेण्यासारखं काही नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात, पण नीट वाचा. दूध-पोळी हे कुत्र्याचं पूर्ण जेवण नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतच नाही, पोट बिघडतं. त्याला प्रथिनं लागतात; अंडं, बिनहाडाचं शिजवलेलं चिकन, शाकाहारी घर असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवलेला आहार. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या काचेसारख्या चिपा होतात आणि आतडं फाडतात. आपल्या ताटातलं उरलेलं घालताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: कांदा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतात, आणि मराठी स्वयंपाकात रस्सा असो की पोहे, ते आहेतच. चॉकलेट विष आहे. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल विष आहे. द्राक्षं आणि बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. नाशिक आणि तासगावकडच्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं, कारण तिथं या गोष्टी पाटीभर घरात पडलेल्या असतात. आणि त्याला ताप आला म्हणून आपल्या डब्यातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी देणं बंद करा. माणसाची नेहमीची वेदनाशामकं कुत्र्याच्या जिवावर उठतात.

पावसाळा आला की गोचीड. हा विषय घरोघरी हसण्यावारी जातो, आणि दवाखान्यात दर पावसाळ्यात कुत्री त्यापायी मरतात. गोचीड रक्त पिता पिता रक्तात रोग सोडते. कुत्रा मलूल होतो, खाणं टाकतो, ताप चढतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तोवर बराच उशीर झालेला असतो. उपाय रोजचा आहे आणि फुकट आहे: हात. रात्री त्याला शेजारी बसवा आणि बोटं फिरवा. कानाच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. रॉकेल ओतायचा गावठी इलाज कातडी जाळतो आणि चाटलं तर पोटात जातो. औषधाचे थेंब किंवा गोळी डॉक्टर देतील, पण ही गोचीड भिंतीच्या फटीत आणि अंथरुणातही राहते, तेव्हा तीही जागा साफ करा.

हात फिरवण्याचा दुसरा फायदा औषधाच्या दुकानात मिळत नाही. कुठं गाठ आली, कुठं हात लावल्यावर तो आक्रसला, कुठं वजन उतरलं, हे तुमच्या बोटांना आधी कळतं. आणि त्यालाही दिवसातून एकदा कुणीतरी आपल्याकडेच लक्ष देऊन बसलंय, हे कळतं.

लस टाळू नका. तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, आणि नंतर दरवर्षी. ‘आमचा बाहेर जात नाही’ हे कारण चालणार नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस असो वा कुत्रा, वाचणं जवळजवळ अशक्य. त्याआधी पिल्लाला पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसी, दीड-दोन महिन्यांपासून. महापालिकेचा परवाना काढा, त्यालाही लशीचा दाखला लागतोच. कुणालाही दात लागला, ओरखडा उठला, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना. हळद-चुना नाही.

दिवाळीत त्याला घरात एकटं ठेवून फराळाला जाऊ नका. आपल्याला वीस हजार हर्ट्‌झच्या पलीकडचं ऐकू येत नाही, त्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत येतं. पलंगाखाली शिरला तर शिरू द्या, ओढून बाहेर काढू नका. गळ्यात फोन नंबरची पट्टी हवी, कारण फटाक्यांना भिऊन पळालेली कुत्री शहर ओलांडून जातात.

शेवटी म्हाताऱ्या कुत्र्यांविषयी, कारण त्यांच्यासाठी कुणी बोलत नाही. पिल्लाचे फोटो सगळे काढतात. दहा वर्षांनी डोळ्यांवर सायीसारखा पडदा येतो, मागचे पाय थरथरतात, रात्री घरात शू होते, आणि घरातले त्याला फिरवणं बंद करतात, ‘आता त्याला झेपत नाही’ म्हणून. पाय थकतात, नाक थकत नाही. आमची राणी आता कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंतच जाते. पूर्वी तेवढं अंतर ती उड्या मारत संपवायची. आता त्याला बराच वेळ लागतो, प्रत्येक खांबाशी ती थांबते, आणि मी थांबतो. परतताना तिची शेपटी जशी वर असते, ती बघितल्यावर तिला घरात बसवून ठेवायचा विचार मनातसुद्धा येत नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय घसरतात आणि तो उठायलाच घाबरतो. जिना असेल तर उचला. आणि अखेरच्या दिवशी, डॉक्टरांच्या टेबलावर, खोलीबाहेर जाऊन उभे राहू नका. तुम्ही कुठं गेलात हे तो शोधत राहतो. त्याच्या डोक्यावर तुमचा हात असला पाहिजे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आज संध्याकाळीच सुरुवात करावी. आणि जे पिल्लू आणायच्या विचारात आहेत त्यांनी आधी सगळ्या घरानं बसून एकच गोष्ट ठरवावी: जुलैच्या धो-धो पावसात पहाटे सहाला त्याला खाली कोण नेणार? मुलांचं नाव घेऊ नका. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो आणि मुलं त्याआधी शिकायला बाहेरगावी जातात. कामवाल्या मावशींचं नको, वॉचमनचं नको. घरातल्या एका मोठ्या माणसानं स्वतःहून आपलं नाव सांगायला हवं. असं कुणी पुढं येत नसेल, तर पिल्लू आणू नका.